निळी पडलेली डिस्क

रविवार, ५ एप्रिल

तीन महिने! तीन महिन्यांत ब्रेकची पॅडं खलास. माझ्या पायातली चप्पल तीन वर्षं टिकली आणि हे लोखंड एक हिवाळा काढत नाही. वर तो जिर्यिस मेकॅनिक मलाच म्हणतो, "उम्म निम्र, गाडी कुठं थरथरते, कधी थरथरते, वास कधी येतो, ते रोज लिहून आण. तू तोंडानं सांगतेस त्यात निम्म्या शिव्याच असतात. मला काही कळत नाही." म्हणजे पैसे मी भरायचे, गाडी मी हाकायची आणि अभ्यासही मीच करायचा. माझी शाळा तिसरीत सुटली. माझ्या पोराची, निम्रची, जुनी वही सापडली, तिच्यात लिहिते आहे. अक्षर वाचता आलं नाही तर डोळे त्यानं तपासून घ्यावेत.

तर वाच, जिर्यिस. स्टिअरिंग थरथरतं. सल्तच्या बाजारात नाही, चढावर नाही. वादी शुऐबच्या दरीत उताराला लागलं की तिसऱ्या वळणानंतर. आधी तळहाताला मुंग्या येतात, मग थंडीत दात वाजावेत तसं. खाली शूना गावाला पोचेपर्यंत पुढच्या चाकांना करपल्याचा वास.

गाडीत सात बायका असतात. पहाटे पाचला निघायचं, खाली घोरच्या खोऱ्यातल्या शेडमध्ये त्या काकड्या-टोमॅटो पेट्यांत भरतात, मी पण भरते, दुपारी परत वर. माझं भाडं आणि त्यांची मजुरी, दोन्ही ह्या गाडीच्या चार चाकांवर. ती थांबली की आठ घरं थांबतात.

बरं, मी गाडी उधळपट्टीनं चालवते असंही नाही. वरच्या पाण्याच्या टाकीपाशी न्यूट्रलला टाकते. तिथून शूनापर्यंत इंजिनाला काही खायला घालावं लागत नाही. अबू निम्रनंच, माझ्या नवऱ्यानंच, शिकवलेलं. तो वीस वर्षं असा उतरला. आजच्या पेट्रोलच्या भावात ते नसतं केलं तर मी केव्हाच घरी बसले असते.

आणि एक गोष्ट आधीच लिहून ठेवते. फख्रीच्या दुकानातून मी खिळासुद्धा घेणार नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्यानं त्याच्याकडून पॅडं घेतली, आणि सोळाव्या दिवशी ह्याच रस्त्यावर त्याची गाडी खाली गेली. त्याच्या शेजारी, आता माझ्या गाडीत येते त्या सबहाचा नवरा अबू खलफ बसला होता. तोही गेला. फख्रीच्या लोखंडानं दोन माणसं खाल्ली, हे सल्तमध्ये मीच दारोदार सांगितलं. अजून सांगते.


सोमवार, ६ एप्रिल

थरथर तिसऱ्या वळणापासून. वास पाचव्यापासून. तमामनं ओढणी नाकाला लावली. नवी पोरगी आहे, सहावा महिना चालू आहे, तिला तसाही कशाचाही वास येतो. म्हणाली, "मावशी, काहीतरी जळतंय."

मी म्हटलं, "तुझं डोकं जळतंय. खिडकी उघड."

सबहा माझ्या शेजारच्या सीटवर असते, पहिल्या दिवसापासून. ती म्हणाली, "गाडी न्यूट्रलला पडली की कसं शांत होतं नाही? माझा अबू खलफ म्हणायचा, मुफ्लेहच्या गाडीत उतारावर पाखरं ऐकू येतात."

मुफ्लेह म्हणजे अबू निम्र, माझा नवरा. सहा वर्षांनी त्याचं नाव कोणी असं घेतलं. मला बरं वाटलं. मी खिडकी खाली केली. खरंच ऐकू येत होती.


बुधवार, ८ एप्रिल

आज शेडवरून परत आल्यावर जिर्यिसकडे. त्यानं पुढची चाकं काढली. दोन्ही डिस्क निळ्या पडल्यात. पारव्याच्या मानेला उन्हात रंग असतो ना, तसल्या. मी म्हटलं, छान दिसतायत की.

तो म्हणाला, "छान काय? तापून तापून झाल्यात. वाकल्यात पण. म्हणून थरथरते."

"मग लेथवर फिरवून सरळ कर."

त्यानं मापाचं यंत्र लावलं, मला दाखवलं. मला त्यातलं काही कळत नाही, पण त्याचं तोंड कळतं. म्हणाला, "आधीच कोणीतरी दोनदा फिरवल्यात. आता फिरवल्या तर कागद उरेल. डिस्क नव्या, पॅडं नवी, दोन्ही बाजूंची एकदम. आणि तोपर्यंत उताराला जाऊ नकोस."

"न जाऊन खाऊ काय? तुझं मापाचं यंत्र?"

कॉफी आली. मी कप समोर ठेवला, तोंडाला लावला नाही. आमच्याकडे मोठं मागणं असलं की यजमान हो म्हणेपर्यंत कप पीत नाहीत. म्हटलं, आधी भाव कमी कर, मग पिईन. जिर्यिस इतका हसला की त्याला खोकला लागला. "अगं, पॅडसाठी कोणी कप ठेवतं का? पोरगी मागायला आलीस की रक्ताची माफी मागायला?"

मी म्हटलं, माझं मागणं त्याहून मोठं आहे. त्यानं मजुरीतले पाच दिनार सोडले, मी कप प्यायले.

मग त्यानं भलतंच विचारलं. "तू वादी उतरतेस कशी?"

"जशी सगळी दुनिया उतरते. वरून खाली."

"गिअर कुठला?"

हे पुरुष! गाडी बाईची असली की दोष बाईच्या पायाचा. मी म्हटलं, "माझा गिअर मला ठाऊक आहे. तू तुझं लोखंड बघ."

"इंजिनाला पण थोडं काम करू दे, उम्म निम्र. सगळं ब्रेकवर टाकू नकोस."

इंजिनाला काम म्हणजे पेट्रोल. ह्याचा मेहुणा पेट्रोल पंपावर आहे, हे काय मला माहीत नाही? वहीत लिहून ठेवते. म्हणजे ही वही आता त्याला दाखवता येणार नाही. बरंच झालं.


शनिवार, ११ एप्रिल

शेडवरून आल्या आल्या भंगारबाजार. नव्या वस्तूंचे भाव ऐकून आले होते. कंपनीचा माल म्हणजे माझी दोन महिन्यांची भाड्याची कमाई. बाजारातला साधा माल बराच स्वस्त, पण जानेवारीत तोच घेतला होता, त्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. राहिला भंगारचा. म्हणजे अपघाताच्या गाडीवरून काढलेला, पण मुळातला अस्सल. आमच्याकडे शहाणी माणसं तोच घेतात.

तिथला माणूस मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "घरचं माणूस कुठाय, बहिणी?"

"मेलंय. डिस्क दाखव."

त्यानं चकचकीत रंगवलेल्या दोन आणल्या. मी नखानं खरवडलं. रंगाखाली गंज, गंजाखाली चर. डिस्कच्या कडेवरून नख फिरवलं, कड बोटाला अडकली. म्हणजे झिजलेली. एवढं मला अबू निम्रनं शिकवलंय. मी म्हटलं, "ही लग्नाला रंगवून आणलेली म्हातारी आहे. दुसरी आण." आजूबाजूचे हसले. दुसरी आणली, ती माझ्या गाडीची नव्हतीच. तिसरी एकच होती, जोडी नाही. एका चाकाला नवी, एकाला जुनी लावली तर ब्रेक दाबल्यावर गाडी बाजूला ओढेल. खाली दरी कुठल्या बाजूला आहे ते मला ठाऊक आहे.

शेवटी तोच म्हणाला, "तुझ्या मॉडेलच्या डिस्क आता सल्तमध्ये एकाकडेच मिळतील. हाज फख्री."

मी तिथून निघाले.

निम्रचा अकाबाहून फोन आला. बंदरावर क्रेनच्या खात्यात आहे, गेल्या वर्षापासून. "आई, गाडी विकून टाक. मी पैसे पाठवतो ना."

"किती पाठवतोस? स्वतःचं भाडं तरी वेळेवर देतोस का?"

"त्या रस्त्यावर मला तू नको आहेस."  पुढचं त्याला तोंडानं सांगता येत नाही. बापावर गेलाय. मी म्हटलं, जेवलास का. म्हणाला, हो. खोटं होतं.


रविवार, १२ एप्रिल

 

आज सातव्या वळणाआधी ब्रेकचा पॅडल मऊ पडला. एकदम नाही. आधी उशीसारखा, मग पाय खाली फरशीला. मी पुन्हा पुन्हा दाबला. काही नाही. पुढे टोमॅटोचा ट्रक. मागे सगळ्या गप्पा मारत होत्या, तमाम कुणालातरी बाळाच्या नावांची यादी सांगत होती. मी ओरडले नाही. ओरडले असते तर त्या पण ओरडल्या असत्या. हँडब्रेक दोन्ही हातांनी ओढला, आणि ओढ्याच्या बाजूला कण्हेरींची रांग आहे, त्यात गाडी घातली. कण्हेरी मोडल्या. गाडी थांबली.

तेव्हा बघितलं, सबहाचा हात माझ्या हाताखाली होता, हँडब्रेकवर. तिनं तो कधी ठेवला मला माहीत नाही. माझ्या आधीच ठेवला असेल.

कोणालाही खरचटलंसुद्धा नाही. तमाम ओकली. चाकातून धूर येत होता. आम्ही आठजणी रस्त्याच्या कडेला दगडांवर बसलो, एकीनं थर्मासमधला चहा वाटला.  मग सबहाच म्हणाली, "टोमॅटोवाल्याला पत्ताही नाही की त्याला आठ बायका मागणी घालायला निघाल्या होत्या." सगळ्या वेड्यासारख्या हसल्या. तमाम हसता हसता रडली.

आणि ही गंमत बघा. चहा होऊन अर्धा तास गेला, चाकं गार झाली, आणि पॅडल परत आला. घट्ट. जसं काही झालंच नव्हतं. रुसलेलं माणूस जेवायच्या वेळी उठून येतं तसा. मी पहिल्या गिअरमध्ये, पायी चालावं तशी शूनापर्यंत नेली. ब्रेकला पाय लावायला भीती वाटत होती म्हणून.

अबू निम्रची गाडी खाली गेली त्या दिवशी त्याच्या मागच्या ट्रकवाल्यानं सांगितलं होतं, त्याचे मागचे लाल दिवे लागत-विझत, लागत-विझत होते. म्हणजे तो दाबत होता. पुन्हा पुन्हा दाबत होता. माझ्यासारखाच.

फख्री, देव तुला विचारील.


सोमवार, १३ एप्रिल

गाडी जिर्यिसच्या गॅरेजात. बायका बसनं गेल्या, दोन बसा बदलून, पाऊण तास उशिरा. शेडच्या मुकादमानं निरोप पाठवला: गुरुवारी तुमची गाडी नाही आली तर शनिवारपासून तो दुसरी गाडी आणि दुसऱ्या बायका बघतो.

जिर्यिसनं एक डिस्क काढून फडक्यात बांधून दिली. "फख्रीकडे जा. मला ठाऊक आहे तू जाणार नाहीस. तरी जा."

मी फडकं घेतलं. घरी आणून स्वयंपाकघरात ठेवलं. जेवताना तेच दिसत होतं.


मंगळवार, १४ एप्रिल

गेले.

दुकान तेच. माणूस अर्धा झालाय. मला बघून उभा राहिला. मी सलाम केला नाही. त्यानंही वाट बघितली नाही, छोट्या शेगडीवरची कॉफीची दल्ला उचलली, कॉफी ओतली, कप माझ्यासमोर ठेवला. मी तो हातात घेतला आणि परत खाली ठेवला.

तो म्हणाला, "सांग मागणं."

मी ठरवून गेले होते की डिस्क मागायच्या. तोंडातून निघालं भलतंच. "तू अबू निम्रला काय विकलंस ते सांग. वरच्याला साक्षी ठेवून."

तो आत गेला. बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं पळाला मागच्या दारानं. मग पिठाची एक पिशवी घेऊन आला. त्यातून एक डिस्क काढली, दोन पॅडं काढली, आणि पॅडांचा रिकामा डबा.

"अपघातानंतर आठवड्यानं मी भंगारात जाऊन त्याच्या गाडीवरून काढून आणलं. मला भीती होती माल बनावट निघाला असेल. निघाला असता तर मी स्वतः तुझ्या दारात येऊन बसलो असतो, उम्म निम्र. हे बघ. कंपनीचा शिक्का. डब्यावर तोच आकडा."

पॅडांचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला होता. मी नख फिरवलं, घसरलं. आणि डिस्क निळी होती.

त्यानं न विचारता माझं फडकं सोडलं. माझी डिस्क त्या डिस्कशेजारी ठेवली. एक सहा वर्षांची जुनी, एक कालची. निळा रंग तोच. पारव्याची मान.

"तू वादी कशी उतरतेस?" त्यानं विचारलं.

जिर्यिसनं विचारलं तेव्हा मला राग आला होता. आज आला नाही. मी म्हटलं, "न्यूट्रलला."

"शिकवलं कोणी?"

मी फडक्याची घडी घातली. त्यानं दुसऱ्यांदा विचारलं नाही.

गिअरमध्ये असली की इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रलला टाकली की इतकं सगळं ओझं एकट्या ब्रेकवर. तो तापतो, आणखी तापतो, आतलं तेल उकळायला लागतं, आणि पॅडल गादी होतो. गार झाला की परत येतो. हे सगळं त्यानं हळू आवाजात सांगितलं. रविवारी मी कण्हेरीत बसून जे पाहिलं तेच सांगत होता.

मी विचारलं, "सहा वर्षं का गप्प बसलास? मी तुला बाजारभर काय काय म्हटलं."

"ऐकलंय मी. चांगलं बोलतेस." मग म्हणाला, "तुझे दीर सबहाच्या दिरांकडे गेले, कप ठेवला, रक्ताची माफी मागितली, तेव्हा त्या लोकांनी कॉफी कशामुळं प्यायला लावली? लोखंडानं दगा दिला, माणसाचा दोष नाही, म्हणून. मी उठून सांगितलं असतं की लोखंड बरोबर होतं, तर मग काय उरलं? तुझा निम्र सोळा वर्षांचा होता. त्याच्या मानेवर त्या रक्ताचा बदला ठेवायचा होता का?"

"आणि तुझं दुकान?"

"अर्धं चालतं. मी पण अर्धाच जेवतो."

"मग आजच का दाखवलंस?"

"गाडीत सात बायका आहेत म्हणतात. एक गरोदर आहे म्हणतात."

मग तो दुकानदार झाला. बरं झालं, नाहीतर मी तिथं काहीतरी मूर्खासारखं केलं असतं. तीन डबे काढले. भोकं पाडलेल्या डिस्क: "ह्या पोरांच्या शर्यतीसाठी, तुला कशाला?" सगळ्यात महाग: "चांगल्या आहेत, पण तुझ्या गाडीला एवढ्याची गरज नाही." तिसऱ्या साध्या, जड, बिनरंगाच्या. पॅडं मधल्या भावाची. डब्यावरच्या कुठल्या खुणेवरून ती किती ताप सोसतात ते कळतं, हेही दाखवलं. आणि ब्रेकचं तेल. "हे वाचवू नकोस. पाच वर्षांचं जुनं तेल लवकर उकळतं."

मी जेवढे आणले होते तेवढ्यात बसलं. मला संशय आला. मी म्हटलं, "एक दिनार जास्त घेतलास तरी चालेल, कमी घेतलास तर डबा इथंच टाकून जाईन."

"कमी घेतला नाही," तो म्हणाला. "शपथ."

कॉफी तोपर्यंत बर्फ झाली होती. प्यायले.


बुधवार, १५ एप्रिल

जिर्यिसनं सगळं बसवलं, तेल बदललं. मी त्याला सांगितलं. तो पान्हा हातात धरून उभाच राहिला.

"मी विचारलं होतं," म्हणाला. "तू माझ्या मेहुण्यावर गेलीस."

"माझ्या मनात होतं. तोंडानं नव्हते बोलले."

"तुझं तोंड बंद असलं तरी ऐकू येतं, उम्म निम्र." मग सांगितलं, पहिले दोन दिवस हळूहळू दाबत जा, पॅडं आणि डिस्क एकमेकांना बसू देत. उतारावर दुसरा गिअर. इंजिन ओरडेल. "ओरडू दे. तू पण ओरडतेसच की."

काल रात्रीपासून माझ्या डोक्यात एकच आहे. वीस वर्षं उतरला तो तसा. वीस वर्षं काही झालं नाही. मग त्या दिवशीच का? गाडीत त्या दिवशी काय जास्त होतं? अबू खलफच्या भावाचं कपाट. शूनाला पोचवायचं होतं. लोखंडी. मीच म्हटलं होतं, जाताच आहात तर घेऊन जा, वेगळी खेप कशाला.


गुरुवार, १६ एप्रिल

पाचला निघालो. पाण्याच्या टाकीपाशी हात सवयीनं न्यूट्रलकडे गेला. परत आणला. दुसरा टाकला. इंजिन असं किंचाळलं की मागून एक म्हणाली, "मावशी, ह्याला कोणी मारतंय का?" तमामनं पोटावर हात ठेवला, जणू आतल्यानं कान झाकावेत.

तिसरं वळण. थरथर नाही. पाचवं. वास नाही. सातवं. मोडलेल्या कण्हेरी अजून तशाच आहेत. ट्रकवाले मागून भोंगे वाजवत होते, वाजवू देत. शूनाला उतरल्यावर मी चाकाजवळ हात नेला. ताज्या भाकरीएवढं गरम. बस, तेवढंच.

मी तिथं चाकापाशी बसून राहिले. एवढंच करायचं होतं. गिअरची दांडी एक घर मागे.

सबहा उतरली, ओढणी झटकली, शेडकडे जाता जाता म्हणाली, "आज पाखरं ऐकू आली नाहीत."

मागं वळून बघितलंही नाही.


शनिवार, १८ एप्रिल

सबहाचं ते वाक्य डोक्यातून काढून टाकता येत नाही. दिवसभर काकड्या भरल्या. एक पेटी उलटी भरली, मुकादम ओरडला, मी त्याला उलट बोलले नाही. तो घाबरला, म्हणाला, "बरं नाही का?"

सबहा माझ्या शेजारी बसून आली आणि गेली. मी तिच्याकडे बघितलं नाही. तिनं विचारलं, "भांडायला कोणी मिळालं नाही का आज?"


रविवार, १९ एप्रिल

परत आल्यावर सगळ्यांना सोडलं आणि सबहाच्या मागोमाग तिच्या घरात शिरले. ती म्हणाली, "काय गं, भाडं राहिलं का?" बसायला लावलं. रानातली भाजी निवडायला घेतली होती ती बाजूला सारून कॉफी केली. कप हातात दिला. मी खाली ठेवला.

तिनं कपाकडे बघितलं. हसणं गेलं. भाजी आणि सुरी परत ओढून घेतली.

मी सगळं सांगितलं. फख्रीची पिशवी, दोन निळ्या डिस्क, न्यूट्रल, कपाट. कपाट मी द्यायला लावलं तेही. लोखंडाचा दोष नव्हता, माझ्या माणसाचा होता. आणि गेली सहा वर्षं मी तुला रोज त्याच रस्त्यानं तसंच नेलं. मला बोलता येत नाही असं कोणी म्हणत नाही, पण आज शब्द दगडासारखे एकेक काढावे लागले.

तिची सुरी थांबली. मग परत चालू झाली.

"पाखरांचं तो कौतुकानं सांगत नव्हता, उम्म निम्र," ती म्हणाली. "त्याला भीती वाटायची. इतकं शांत का होतं म्हणून. घरी आला की सांगायचा. तुझ्या नवऱ्याला सांगायची लाज वाटायची."

 "म्हणजे तुला माहीत होतं?"

"पाखरं ऐकू यायची एवढं माहीत होतं."

"मग तू माझ्या गाडीत का बसलीस? तीही पुढे?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की मी काहीतरी अगदी पोरकट विचारलंय. "शेडला जायला दुसरी गाडी कुठाय?" मग भाजीकडे बघत, "आणि पुढे बसलं की हँडब्रेकला हात पोचतो."

एवढं बोलली. पी म्हणाली नाही. ओतून देते असंही म्हणाली नाही. भाजी निवडत राहिली, चांगलं पान इकडे, पिवळं तिकडे, मी असून नसल्यासारखी. मी बसले. कॉफी गार झाली. तिची नात येऊन मला बघून गेली.

मला थांबता येत नाही, हे सगळ्या सल्तला माहीत आहे. शेवटी मी उठले, कप उचलून तिच्या खिडकीत ठेवला, जसाच्या तसा भरलेला, आणि म्हटलं:

"सबहा, ऐक. शुक्रवारी दुपारची नमाज सुटली की मी मशिदीच्या दारात उभी राहणार आणि सगळ्यांसमोर फख्रीचं नाव स्वच्छ करणार. ते मी करणारच, त्याला तुझी परवानगी मागत नाही. पण ते ऐकून तुझे दीर तुला माफी ठेवायची की मोडायची ते विचारायला येतील, त्याआधी तू मला माफ करतेस की नाही ते कळायला हवं. तोवर गाडीत ये, मागे बस, माझ्याशी एक शब्द बोलू नकोस. मी दुसऱ्या गिअरमध्येच उतरवीन, पुढची सीट रिकामी ठेवीन, कोणाला बसू देणार नाही. गुरुवारी पहाटे पाचला गाडी तुझ्या दारात येईल. हा कप मला प्यायला लाव, नाहीतर माझ्या डोळ्यांदेखत उंबऱ्यावर ओत. दोन्हींतलं काहीही कर, पण गुरुवारी कर. शुक्रवारपर्यंत मला ताटकळत ठेवू नकोस. गुरुवारी, पाचला. सांग."